सोमारी पाणी गिळेना

टाके शाबूत होते. ताप नव्हता. रक्त थांबलं होतं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोमारीच्या तोंडात टॉर्च धरून पाहिलं, तेव्हा नाव ठेवावं असं काही दिसलं नाही. फक्त ती पाणी पीत नव्हती.

“कल से पानी का एक चम्मच भी अंदर नहीं गया,” आमच्या वॉर्डच्या सिस्टर म्हणाल्या. त्या रायपूरकडच्या, हिंदीच बोलायच्या. “लेकिन रोती नहीं है, बाई. बड़ी शांत बच्ची है.”

सोमारी दीड-दोन वर्षांची असेल. नक्की कोणी सांगू शकत नव्हतं. सोमवारी जन्मली एवढं नावावरून कळत होतं. तिचे दोन्ही हात कोपरापाशी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांनी बांधलेले होते, म्हणजे कोपर वाकू नये आणि बोटं तोंडात जाऊ नयेत. ती एका कुशीवर पडून समोरच्या भिंतीकडे बघत होती. मी खाटेपाशी उभी राहिले, वाकले, नाव घेऊन हाक मारली. तिनं नजर वळवली नाही. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती आणि उशाशी ठेवलेलं फडकं ओलंचिंब झालं होतं.

मुंबई राज्य मोठं झालं आणि विदर्भ त्यात आला, त्यानंतरची ही गोष्ट. मी मूळची साताऱ्याकडची. पुण्याला शिकले, आणि सरकारी नोकरीत पहिली नेमणूक मिळाली ती थेट गोंदियाला. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. राईस मिलची धूळ, बिडीचे कारखाने, रेल्वेचं जंक्शन. बाजारात हिंदी, खेड्यातून येणाऱ्या पेशंटच्या तोंडी झाडीबोली, पोवारी, गोंडी. माझं पुणेरी मराठी ऐकून पेशंट माझ्याकडे असं बघायचे, जणू मी पोथी वाचते आहे. दवाखान्यामागे दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. ड्यूटी संपली की मी कुलूप उघडायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दवाखान्यात येईपर्यंत बहुधा एक शब्दही बोलायचे नाही. सवय झाली होती.

टाळूचं ऑपरेशन म्हणजे काय ते थोडं सांगते. काही मुलांच्या तोंडाचं छत जन्मतःच मधोमध फाटलेलं असतं. तोंड आणि नाक यांच्यात आडपडदा राहत नाही. दूध प्यायलं की नाकातून येतं. स्तन चोखता येत नाही, कारण चोखायला तोंड हवाबंद लागतं. यातली कितीतरी मुलं दुधावाचून पहिल्या काही महिन्यांतच जायची. जी जगायची त्यांचं बोलणं नाकातून, कोणालाच न कळणारं. ऑपरेशनमध्ये फटीच्या दोन्ही बाजूंचं मांस हाडापासून सोडवून मध्ये ओढतात आणि शिवतात. मध्ये शिवण येते, पण कडेला जिथून मांस सोडवलं तिथे हाड उघडं राहतं. ते पुढे हळूहळू भरून येतं. तोवर तोंडात ती जखम असते, आणि दर घोटाला जीभ तिच्यावर घासते.

नागपूरचे एक सर्जन महिन्यातून एकदा आमच्याकडे यायचे. सकाळच्या गाडीनं उतरायचे, ऑपरेशनं करायचे आणि संध्याकाळच्या मेलनं परत जायचे. हात फार सुरेख होता त्यांचा. सोमारीला भुलीचं ईथर मीच दिलं. जाताना ते हात पुसत मला म्हणाले, “डॉक्टर, टाळू चांगली जुळली आहे. एकच सांगतो. अफूच्या जातीचं काही द्यायचं नाही. ना मॉर्फिया, ना पेथिडीन. आत सूज आहे, श्वास अडकला तर तुमच्याकडे कोणी नाही. ॲस्पिरिनही नको, रक्त सुटतं. क्लोरल द्या. झोपली म्हणजे झालं.”

क्लोरल म्हणजे झोपेचं पातळ औषध. साखरेच्या पाकात घालून चमच्यानं द्यायचं. त्या काळी लहान मुलांच्या वॉर्डात ते सर्रास वापरत. मोठ्या माणसाला ऑपरेशननंतर दुखतं हे सगळ्यांना मान्य होतं. दोन वर्षांच्या मुलाला कितपत दुखतं याबद्दल मात्र आमच्या पुस्तकांतही फारसं काही नव्हतं. मूल रडतं, मग झोपतं, मग विसरतं, असा एकूण समज.

राउंड संपवून मी पुन्हा सोमारीच्या खाटेशी आले आणि स्टूल ओढून बसले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणूनच बसले खरं तर. बराच वेळ काही घडलं नाही. मग तिच्या गळ्याची हालचाल दिसली. लाळ साठली की कधीतरी गिळावी लागतेच. तिनं गिळलं, आणि त्याच क्षणी पांघरुणाबाहेर आलेल्या पायाची बोटं गच्च आवळली गेली. चेहऱ्यावर काही नाही. आवाज नाही. फक्त बोटं. पुन्हा गिळलं, पुन्हा तेच.

ती शांत नव्हती. गिळायला लागू नये म्हणून ती लाळ बाहेर सोडत होती, आणि रडायला लागू नये म्हणून हलत नव्हती. रडलं तरी दुखतं हे तिला समजलं होतं. रडून कोणी येत नाही हेही बहुतेक समजलं होतं.

“सिस्टर, पाणी आणा. उकळून गार केलेलं.”

चमचा ओठांजवळ नेला. तोवर निपचित पडलेल्या त्या मुलीनं दात असे आवळले की जबड्याचं हाड वर आलं. मान फिरवली. दुसऱ्यांदा तेच. पाणी अजून तोंडाला लागलंही नव्हतं. म्हणजे ती पाण्याला नव्हे, चमच्याला घाबरत होती.

मी ट्रॉलीवरची क्लोरलची बाटली उघडली आणि थोडं औषध स्वतःच्या जिभेवर घेतलं. माझ्या तोंडात जखम नव्हती, तरी घशापर्यंत आग उतरली. काल संध्याकाळपासून आम्ही हेच औषध, याच चमच्यानं, उघड्या हाडावर ओतत होतो.

“सिस्टर, क्लोरल बंद.”

“सर्जन साहब ने बोला है न, बाई?”

“मी बघते काय ते. बंद.”

मुलं लवकर सुकतात. सोमारीची जीभ चिकट झाली होती, डोळे खोल गेले होते, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश सपाट होत होती. सकाळपासून लघवी नव्हती. मी आमच्या मोठ्या साहेबांकडे गेले. ते दवाखान्याचे प्रमुख, निवृत्तीला आलेले, स्वभावानं वाईट नव्हे. पण नव्या कटकटी त्यांना नको असत.

“पीत नाही? मग सलाईन लावा,” ते म्हणाले.

आजच्यासारखी शिरेतली सलाईन एवढ्या लहान मुलाला देणं आमच्याकडे जमत नसे. मांडीच्या कातडीखाली जाड सुई घालून पाणी सोडायचं, मग मांडी फुगून टणक व्हायची आणि तास-दोन तासांनी जिरायची. तेही दुखतंच.

“सर, सलाईननं आजचा दिवस निघेल. पण ती गिळत नाही ती दुखतंय म्हणून. दुखणं कमी केलं तर पिईल. मला थोडं पेथिडीन द्यायचंय.”

साहेबांनी चष्मा काढला. “सर्जन काय म्हणाले होते?”

“देऊ नका म्हणाले.”

“मग?”

“त्यांना मी फोन लावते.”

नागपूरला ट्रंक कॉल लागायला बरंच ताटकळावं लागलं. शेवटी लागला तेव्हा त्यांच्या घरून कोणीतरी म्हणालं, डॉक्टर वर्ध्याकडे कॅम्पला गेलेत, परवा येतील. रिसीव्हर ठेवल्यावर मी तिथेच थोडी उभी राहिले. विचारायला दुसरं कोणी नव्हतं. माझ्या बरोबरीच्या मैत्रिणी पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलांत होत्या. तिथे वॉर्डाच्या दारात उभं राहून हाक मारली तरी दोन डॉक्टर येतात. इथे मी होते आणि एक साहेब होते.

“नाही मिळाले,” मी सांगितलं.

साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, “हे बघा बाई, मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. पोरगी गेली तर उत्तर तुम्ही द्यायचं.”

“देईन. आणखी एक, सर. तिच्या आईला आत घ्यायचंय.”

“ते नाही. सर्जिकल वॉर्डात नातेवाईक नाहीत. पोटाचं ऑपरेशन झालेल्या पोराला बापानं चोरून मुरमुरे चारले होते, विसरलात? तुमच्या आधीची गोष्ट ती. ऐकली तरी असेल.”

“ऐकली आहे. पण ही मुलगी माझ्या हातून पाणी घेणार नाही. मी स्वतः शेजारी बसते. जागची हलणार नाही.”

साहेबांनी चष्मा पुन्हा लावला आणि पुढ्यातल्या कागदांत डोकं घातलं. त्याचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावला.

सोमारीची आई जैवंता दवाखान्याच्या आवारात चिंचेखाली बसलेली होती. काल सकाळी मुलीला आमच्या हातात दिलं तेव्हापासून ती तिथेच होती. ही माणसं भंडारा जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका प्रतापगडाच्या बाजूच्या जंगलपट्टीतली, गोंड. अर्जुनीपर्यंत पायी आणि तिथून नॅरोगेजच्या छोट्या रेल्वेगाडीनं गोंदियाला आलेली. नवरा दसरू काल ऑपरेशन आटोपल्याचं ऐकून परत गेला होता. जाताना मला म्हणाला होता, “बाई, मी जाऊन रायलो. धान कापनीले आला हाये, रानडुकरं ठेवत नाईत. हिले ठेवून जातो. हिले तुमची बोली समजत नाई पन सांगजा हातानं.” मग थोडं घुटमळून, “गिरानात हिनं इळा हाती धरला होता मनतेत लोकं. मनून पोरीचं असं झालं. खरं हाये का, बाई?”

“नाही. ग्रहणात विळा धरल्यानं टाळू फाटत नाही. खोटं आहे,” मी म्हटलं होतं.

त्यानं बायकोला ते गोंडीत सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. दोन वर्षांत तिला हे कोणी सांगितलं नसावं.

आता ती एकटीच होती. आमच्या आवारात तिची बोली येणारं एकही माणूस नव्हतं. मी समोर गेले तशी ताडकन उठली. तिचा चेहरा पाहून कळलं की डॉक्टर स्वतः चालत आली म्हणजे मूल मेलं, असंच तिला वाटलं. मी घाईघाईनं मान हलवली, “नाही, नाही, आहे, आहे,” म्हणाले आणि तिचा हात धरून वॉर्डाकडे निघाले.

आधी इंजेक्शन. सोमारीचं वजन पुन्हा केलं, हिशेब केला, पुस्तकातल्या मात्रेपेक्षा थोडा कमी डोस काढला आणि मांडीत दिला. सुई टोचली तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. काल ईथरचा मुखवटा तोंडावर धरणारीही मीच होते. तिच्या डोळ्यांत ओळख होती, आणि ती चांगली नव्हती.

जैवंतानं नळाखाली साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. सिस्टरनी नाराजीनंच तिला स्वच्छ एप्रन दिला. ती खाटेशी आली. बांधलेले हात पाहिले, सुजलेले ओठ पाहिले आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत वाकली. सोमारीनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. क्षणभर नुसतं पाहिलं. आणि मग ती रडली. काल ईथरमधून जागी होताना कण्हली होती, त्यानंतर पहिल्यांदाच. तोंड वाकडं करून, घसा फाडून रडली.

“बाई, टाँके!” सिस्टर ओरडल्या.

भीती खरी होती. जोरानं रडलं की टाळू ताणते. पण आत्ता तिला गप्प करण्याचा एकच उपाय होता, आणि तो आधीच तिला छातीशी उचलून घेत होता. मी हात आडवा घातला नाही. रडणं उतरत गेलं. उचक्या राहिल्या. थोड्या वेळानं पायाची बोटं सैल पडलेली दिसली. पेथिडीन लागू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. औषधानं किती झालं आणि आईनं किती, ते मला त्या दिवशी सांगता आलं नसतं. आजही येणार नाही.

आता पाणी. चमचा दिसला की ती पुन्हा तोंड मिटेल, म्हणून चमचा नको होता. मी जैवंताला खुणेनं विचारलं, घरी हिला कशानं पाजतेस? तिनं कमरेची गाठ सोडून नदीतला एक शिंपला काढला. वापरून वापरून कडा गुळगुळीत झालेल्या. सिस्टरनी तो उकळून आणला. जैवंतानं शिंपल्यात पाणी घेतलं, मुलीला मांडीवर उभी धरली, एप्रनचं टोक उजव्या बोटाला गुंडाळलं आणि ते बोट सरळ सोमारीच्या तोंडात घालायला निघाली.

मी तिचं मनगट पकडलं. जरा जोरातच.

मूल जगवलं होतं ते तिनं असंच. बोटानं फट दाबून धरायची, म्हणजे दूध नाकात जात नाही. पण आता त्या जागी ताजी शिवण होती. एक दाब पडता तर सगळं उसवलं असतं, आणि टाळू दुसऱ्यांदा शिवायला मांस पुरत नाही.

तिला हे काही कळलं नाही. तिनं हात ओढून घेतला आणि तोंड फिरवलं. काल ज्यांनी मुलगी हिरावून घेतली त्यांनी आत बोलावून पुन्हा हात धरला, एवढंच तिला कळलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती ते मला दाखवणार नव्हती.

मी शब्द शोधत बसले नाही. माझंच तोंड उघडलं, बोटानं माझी टाळू दाखवली, मग हवेत सुई चालवून शिवल्याची खूण केली. ती बघत राहिली. मी तिच्या लुगड्याला मारलेल्या ठिगळाचा टाका दाखवला. मग तोंड. पुन्हा टाका, पुन्हा तोंड. तो टाका बोटानं ओढल्यासारखं करून जोरानं मान हलवली. वॉर्डातल्या दोन पेशंट बाया हे सगळं बघत होत्या. एक हसली. जैवंता हसली नाही. तिनं लुगड्याचा तो टाका चाचपून पाहिला. मग बोटाला गुंडाळलेलं कापड सोडलं.

मी शिंपला गालाच्या आतल्या बाजूला टेकवून दाखवला. पाणी टाळूवर नव्हे, गालातून मागे जायला हवं. तिनं शिंपला माझ्या हातातून घेतला. “एर,” ती मुलीला म्हणाली. “एर, एर.” त्यांच्या बोलीत पाणी. सोमारीनं ओठ थोडे सोडले. पाणी गेलं. गळा हलला. मी पायांकडे बघत होते. बोटं हलली नाहीत.

दुसरा शिंपला. तिसरा. मग मोजायचं मी सोडून दिलं.

इथेच गोष्ट संपती तर बरं होतं. पण सर्जन उगाच घाबरत नव्हते. पाणी पिऊन सोमारी आईच्या मांडीवर झोपली. आदल्या दिवसापासूनचा थकवा, पोटात पाणी, अंगात पेथिडीन. मी शेजारी बसून तिच्या पोटावर हात ठेवला होता, श्वास मोजण्यासाठी. श्वास हळू झाला, आणखी हळू झाला, मग घोरल्यासारखा आवाज आला. मग आवाज थांबला. पोट वर येत होतं पण हवा आत जात नव्हती. ओठांचा रंग बदलू लागला.

टाळूच्या ऑपरेशननंतर जिभेतून रेशमाचा एक धागा ओवून त्याची टोकं गालावर चिकटवून ठेवतात. जीभ मागे पडून श्वास बंद झाला तर धाग्यानं पुढे ओढता यावी म्हणून. मी पट्टी उचकटली, धागा धरला आणि ओढला. जीभ बाहेर आली. त्याच वेळी माझ्या हातावर जैवंताचा हात पडला, नखांसकट. मुलीच्या जिभेत दोरा घालून ही बाई ओढते आहे, एवढंच तिला दिसत होतं. मी दुसऱ्या हातानं सोमारीला जैवंताच्या मांडीवरच पालथी केली, धागा सोडला नाही. जैवंतानंही माझा हात सोडला नाही.

श्वास आला. मोठा, ओला, आवाज करत. मग दुसरा. ओठ परत लाल होऊ लागले तेव्हा जैवंताची पकड सुटली. माझ्या मनगटावर तिच्या नखांच्या खुणा उमटल्या होत्या. ती ते बघत होती आणि मी धागा बघत होते.

“ऑक्सिजन लाऊँ?” सिस्टरनी विचारलं. आमचा एकुलता एक सिलिंडर थिएटरमध्ये होता.

“आणून ठेवा.”

लागला नाही. पण पुढे संध्याकाळ होईपर्यंत मी त्या स्टुलावरून उठले नाही. जेवायला बोलावणारं कोणी नव्हतंच. समोर जैवंता, मध्ये पालथी झोपलेली मुलगी, आणि आम्हा दोघींमध्ये बोलता येईल असा एकही शब्द नाही. साहेब दारापर्यंत येऊन गेले. “पिते आहे?” “पिते आहे.” “बरं.” एवढंच. मी त्यांना श्वासाचं तेव्हा सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आई राहू दे तिथेच.”

मी डोस निम्म्यावर आणला. निम्म्यानंही काम भागलं, कारण आता आई शेजारी होती. पाजण्याच्या थोडं आधी इंजेक्शन, मग पाणी, मग भाताची गाळलेली पेज, मग पुन्हा पाणी, म्हणजे जखमेवर अन्न राहत नाही. झोपताना नेहमी कुशीवर. चार-पाच दिवसांनी इंजेक्शनची गरजच उरली नाही. तोवर मी वॉर्डात शिरले की सोमारी आईच्या पदराखाली जायची. सिस्टरना बघून ती हसायची, भंगिणीला बघून हसायची, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीच्या हातून पेज प्यायची. मी खाटेच्या आसपास दिसले की अंग ताठ. साहजिकच होतं. सुई म्हणजे मी. त्या सुईनंच दुखणं थांबतं, हे दोन वर्षांच्या मुलाला कोण समजावणार? मला वाईट वाटलं नाही असं नाही. क्वार्टरवर गेल्यावर वाटायचं. कधीकधी वाटायचं की मी साधी बाई असते आणि तिला मांडीवर घेतलं असतं, तर ती हसली असती.

दसरू धान कापून आला आणि दोघींना घेऊन गेला. जाताना जैवंता माझ्यापुढे थोडा वेळ उभी राहिली. तिनं माझं मनगट उलटंसुलटं करून पाहिलं. खुणा गेल्या होत्या. तिनं मान हलवली आणि निघाली.

पुढच्या महिन्यात सर्जन आले. मी सगळं सांगितलं, काही राखून न ठेवता.

“मी नको म्हणालो होतो,” ते म्हणाले.

“हो.”

“मेली असती.”

“हो. पाण्यावाचूनही मेली असती.”

ते हात धूत होते. नळ बंद करून त्यांनी विचारलं, “पूर्ण डोस दिलात?”

“जवळजवळ.”

“पुढच्या वेळी निम्म्यापासून सुरू करा. आणि जिभेचा टाका लवकर काढू नका.” टॉवेल घेतला. “क्लोरल खरंच इतकं झोंबतं?”

मी बाटली पुढे केली. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं आणि थिएटरकडे गेले. त्या दिवसापासून आमच्याकडे टाळूच्या मुलांचं क्लोरल बंद झालं, आणि आईला आत घ्यायचं की नाही यावर साहेबांनी पुन्हा वाद घातला नाही.

थंडी सरता सरता जैवंता आणि दसरू मुलीला दाखवायला घेऊन आले. सोमारीनं अंग धरलं होतं. गाल भरले होते. दसरू सांगत होता, “आता नाकातून येत नाई, बाई. आंबील बी पिते, भात बी खाते.” मी टेबलामागून उठून पुढे झाले. तिनं मला पाहिलं, ओळखलं, आणि अशी किंकाळी फोडली की बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावली.

जैवंता ओशाळली. मुलीच्या तोंडावर हात ठेवायला गेली. आता तिला झाडीबोलीतलं थोडंफार बोलता येत होतं. “बाई, तुमालेच भेऊन रायली.”

“असू दे, असू दे. हात काढ. रडू दे तिला.”

मी टॉर्च लावला. एरवी दोन वर्षांच्या मुलाला तोंड उघडायला लावणं म्हणजे मोठी लढाई. हिनं ते मला फुकटात उघडून दिलं होतं, पार पडजिभेपर्यंत. गुलाबी, अखंड टाळू. कडेचं हाड झाकलं गेलं होतं. समोरच्या दातांमागे मोहरीएवढं एक भोक राहिलं होतं. त्याचं पुढे बघता येणार होतं. मी टॉर्च बंद केला तरी ती ओरडत होती. दसरूला हसू आवरत नव्हतं.

त्यानंतर वर्षभरात माझी बदली झाली आणि पुढे आयुष्यभर मी लहान मुलांच्या वॉर्डांतच काम केलं. चांगली औषधं आली, शिरेतली सलाईन आली, नेमका डोस मोजायची साधनं आली. मी एक सवय तेवढी गोंदियाची ठेवली. वॉर्डात शिरलं की आधी न रडणाऱ्या मुलाच्या खाटेशी जायचं आणि त्याचे पाय बघायचे. रडणाऱ्याकडे कोणी ना कोणी जातंच.